तिसऱ्या खांबाबद्दल आणि उरलेल्या मिळकतीबद्दल

भरलेली घागर एकदम पालथी केली की तिच्या तोंडाशी पाणी आणि वारा एकमेकांना ढकलतात. त्या वेळी जो आवाज होतो, तो आवाज. फक्त घागर बैलाएवढी समजावी. सन १९८४, चैत्रातली भर दुपार, वेदगंगेच्या डोहात अठरा फूट पाण्याखाली तो आवाज एकदाच झाला, आणि तराफ्यावर उभी असलेली आम्ही अकरा माणसे एका वेळी पाण्याकडे वळलो. त्याला एक्केचाळीस वर्षे झाली. अजून कोणी मोरीत बादली उपडी केली तरी मी भिंतीला हात लावून उभा राहतो.

तो आवाज आधी लिहिला, कारण हा कागद त्याच्यामुळेच करीत आहे. आता रीतीप्रमाणे लिहितो.

मी, मष्णू भावकू किणयेकर, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा सेंट्रिंगचा मिस्त्री (आता बंद), जन्म उचगाव, तालुका बेळगाव, हल्ली राहणार तांबाळ, पुलाजवळचे घर, तालुका निपाणी, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी धमकावलेले नाही, काही पाजलेले नाही, गोड बोलून माझा हात धरलेला नाही. मला भीती वाटते हे खरे. पण ती माझी स्वतःची आहे, आणि भ्यालेल्या माणसाने मृत्युपत्र करू नये असे कुठे म्हटलेले माझ्या वाचनात नाही. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. अर्ज मात्र तीन केले होते, पुलाचे काम बघणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या नावाने. तिन्ही चुलीत घातले.

कलम पहिले. राहते घर.

तांबाळचे घर, मागच्या परसासह, माझी मुलगी अक्काताई हिला द्यावे. मुलगा विक्रम याचे बेळगावात अनगोळला स्वतःचे घर आहे, तेव्हा त्याने मन मोठे करावे. अक्काताई नदीच्या पलीकडच्या अंगाला नांदते. तिची आई मालुबाई गेल्यापासून, म्हणजे नऊ वर्षे, दर सोमवारी ती सकाळच्या एसटीने पुलावरून यायची. भाकरी, खर्डा, एखादी पालेभाजी, आणि माझ्या धोतराला साबण. गेल्या वैशाखात मी तिला येऊ नको म्हणालो. कारण विचारले तेव्हा फोनवर म्हणालो, "तुझ्या भाकरीनं पोट बिघडतंय माझं."

ती म्हणाली, "आप्पा, माझं काय चुकलं ते सांगा की. ह्यांनी काय बोललं व्हय तुमास्नी?"

मी फोन ठेवला. अक्काताई, तुझ्या भाकरीला नाव ठेवणारी माझी जीभ झडो. कारण या घराच्या पूर्वेच्या खिडकीत आहे, ते आता सांगतो.

पूल झाल्यावर मी जाणूनबुजून ही जागा घेतली. मालुबाई म्हणायची, "बेळगाव सोडून ह्या चिखलात कशाला?" मी म्हणायचो, नदीची शोभा. खरे असे की त्या खिडकीच्या वरच्या चौकटीला मी एक खिळा मारला आणि त्याला ओळंबा बांधला. ओळंबा म्हणजे दोरीला टांगलेले वजन. ते कधी खोटे बोलत नाही. समोर भिंतीपाशी स्टूल, स्टुलाच्या पायांना फरशीवर खुणा, आणि हनुवटी टेकायला एक फळी. तिथे बसून एक डोळा मिटला की ओळंब्याची दोरी आणि पुलाच्या तिसऱ्या खांबाची डावी कड बरोबर एकावर एक यायची. रोज सकाळी तोंड धुण्याआधी मी ते पाहत आलो. लोक सूर्याला हात जोडतात, मी खांब बघायचो.

मग डोळ्यात मोतीबिंदू वाढला. दोन-तीन वर्षे सगळे दुधात बुडाल्यासारखे दिसायचे आणि, खरे लिहितो, मला बरे वाटायचे. दिसत नाही त्याची काळजी करायची नाही. फेब्रुवारीत विक्रमने हट्टाने बेळगावात ऑपरेशन करवले. परत आलो, दुसऱ्या दिवशी स्टुलावर बसलो, आणि दोरी व खांब यांच्यामध्ये उजेड दिसला. वरच्या बाजूला केसाएवढा. खाली काही नाही.

आधी वाटले नवा डोळा अजून बसला नसेल. मग वाटले घर खचले असेल. खुणा पुसून नव्याने घातल्या, फळी बदलली, दोरी बदलली. वैशाखात दोन केस. परवापासून दोरीच्या जाडीएवढा उजेड आहे, म्हणजे खांबच कलतो आहे. नदी दोन्ही काठांना टेकली आहे.

म्हणून तुला येऊ नको म्हणालो, अक्काताई. तू पुलावर असताना मला खिडकीत बसवत नव्हते आणि खिडकीतून उठवतही नव्हते.

कलम दुसरे. प्लेटा आणि लाकूडसामान.

परसातल्या शेडमधल्या सेंट्रिंगच्या लोखंडी प्लेटा, टेकू, फळ्या, क्लिपा हे सर्व विक्रम याला. त्याचा तोच धंदा आहे. अट एकच. ज्या प्लेटांना भोके पडली आहेत त्या भाड्याने देऊ नये, भंगारात घालाव्यात. भोकातून सिमेंटचे पाणी गळते आणि मागे नुसती खडी राहते. वरून प्लॅस्टर मारले की कोणाला दिसत नाही. विक्रम, तुला मी खिडकीतली गोष्ट सांगितली तेव्हा तू काय म्हणालास ते लिहून ठेवतो, रागाने नाही.

"आप्पा, पूल काय तुमी एकट्यानं बांधला व्हय? चाळीस वर्सं उभा हाय की. गप ऱ्हावा. न्हाय तर उद्या किणयेकराच्या प्लेटा कोण घेणार सांगा."

तुझे चुकले असे म्हणत नाही. तू जे एकदा म्हणालास ते मी स्वतःला इतकी वर्षे रोज म्हणत आलो.

कलम तिसरे. कवितांची वही.

निळ्या पुठ्ठ्याची जाड वही माझी नात सौम्या, म्हणजे अक्काताईची मुलगी, हिला द्यावी. उचगावच्या शाळेत आमचे गुरुजी कविता शिकवताना छडी कोणाच्या पाठीत घालत नसत, टेबलावर ताल धरीत. लगागा लगागा लगागा लगागा. आधी ताल, मग शब्द, अर्थ सगळ्यात शेवटी. सातवीनंतर शाळा सुटली, पण आठवणीत होत्या तेवढ्या सगळ्या कविता मी या वहीत उतरवल्या. रंधा मारताना म्हणायचो, सायकलवर म्हणायचो. अक्काताईला झोळीत घालून म्हणायचो. ती बारा वर्षांची असताना मी म्हणायचे सोडले. मालुबाईने किती वेळा सांगितले, "एक तरी म्हणा की वो, घर कसं मुकं झालंय." मी म्हणालो घसा बसला. बत्तीस वर्षे त्या बाईने माझा घसा बसला आहे असे मानले. हळद घातलेले दूध ती शेवटपर्यंत देत होती.

सौम्याने ही वही मोठ्याने वाचावी. फक्त पाण्याजवळ वाचू नये.

कलम चौथे. हत्यारे.

पितळी ओळंबा, शिसवी रंधा, दोन करवती, काटकोन बघायचा गुण्या आणि बोल्ट आवळायचा मोठा पान्हा, ही हत्यारे नंदगडच्या कै. आण्णाप्पा याच्या वारसांना पोचती करावीत. तो आमच्या कामावर विंच, म्हणजे दोराने वजन उचलायचा रहाट, फिरवायचा. त्याचे घर बाजाराच्या मागे आहे, विचारले की सापडते. तो गेला तेव्हा मी तिथवर गेलो होतो. रस्त्यावरच उभा राहिलो, प्रेत गेले तसा परत एसटीत बसलो. वारसांनी हत्यारे घ्यायला नकार दिला तर तो त्यांचा हक्क आहे. आग्रह करू नये. का, ते पुढे येईल.

कलम पाचवे. तिसरा खांब.

ही माझी मिळकत नाही हे मला कळते. सरकारी आहे. पण ज्याला त्याच्या पोटात काय आहे ते ठाऊक आहे असा मी एकटाच उरलो, म्हणून ती माझ्या नावावर आहे असे मी समजतो आणि तिचीही वाटणी करतो.

पाण्यात खांब उभा करायच्या रीती दोन-तीन आहेत. उथळ असेल तर वाळूच्या पोत्यांचा बांध गोल घालायचा, आतले पाणी पंपाने काढायचे आणि कोरड्या जागेत जमिनीवर बांधतो तसे बांधायचे. पहिला, दुसरा, चौथा, पाचवा असे चार खांब आम्ही तसेच केले. तिसरा डोहात होता. उन्हाळ्यातही अठरा फूट पाणी, तळाला तिरका खडक. पोती तिथे टिकेनात. मग काठावर लोखंडी पत्रे आणि सागवानी फळ्यांचा साचा केला. बिनतळाचा, बिनझाकणाचा डबा म्हणा. पिपांच्या तराफ्यावरून तो डोहात नेला, दोर सैल करीत खडकावर उतरवला. खडक आणि डबा यांच्यामधल्या फटी मालवणकडच्या एका पाणबुड्याने मातीच्या पोत्यांनी बंद केल्या. आता आत पाणी तसेच ठेवून माल भरायचा. माल म्हणजे काँक्रीट.

पाण्यात नुसता माल ओतला तर सिमेंट धुऊन जाते, खाली वाळू आणि खडी पडते. म्हणून एक लांब लोखंडी नळी, वर नरसाळे. नळीचे खालचे तोंड तळाशी टेकवायचे आणि वरून माल सोडायचा. तो खाली साठतो, नळीचे तोंड त्यात बुडते, मग पुढचा माल आधीच्या मालाच्या पोटात शिरतो आणि त्याला पाणी लागत नाही. माल वर चढतो, पाणी त्याच्या डोक्यावरून वर ढकलले जाते. माल जसा चढेल तशी नळी विंचने हळूहळू उचलायची. सगळी मेख इथे आहे. नळीचे तोंड निदान दोन फूट तरी मालात बुडालेले हवे. एकदा का ते बाहेर आले, की नळीतला माल खाली कोसळतो आणि पाणी आत घुसते.

तराफ्यावर कानडी माणसे होती, तेलुगू होती, आमच्याकडची होती. एक, दोन, तीन मोजले तर प्रत्येकाचे तीन वेगळ्या वेळी यायचे. मला एक युक्ती सुचली आणि तिचा मला फार गर्व होता. मी कविता म्हणायचो. गुरुजींच्या तालावर. एक ओळ म्हणजे विंचचे चार वेढे, म्हणजे नळी नऊ इंच वर. चार ओळींचा एक श्लोक म्हणजे तीन फूट. मिस्त्रीचा आवाज चालू तोवर दांडा चालू, आवाज थांबला की दांडा थांबला. श्लोक संपला की मी गाठी मारलेली दोरी पाण्यात सोडून माल कुठवर आला ते मोजायचो, मग पुढे. तेलुगू माणसेसुद्धा 'लगागा' म्हणायला शिकली होती. आमचे सुपरवायझर बाहुबली चौगुले हसायचे, "मिस्त्री, तुझा खांब शाळेत जाऊन आलेला असणार बघ."

त्या दुपारी नळी साडेपाच फूट मालात होती. एक श्लोक उचलायचा होता. मी सुरू केले. तेवढ्यात पैलतीरावरच्या शाळेत पोरांनी कविता म्हणायला घेतली. तोच ताल. पाण्यावरून तो आवाज असा आला की मला उचगावची शाळा दिसली, खिडकीतली जांभळ दिसली, छडी टेबलावर पडताना दिसली. माझी चौथी ओळ संपली. पोरांची पाचवी चालू झाली. आणि मी डोळे मिटून त्यांच्याबरोबर पुढे गेलो. पूर्ण दुसरा श्लोक.

आवाज चालू होता, म्हणून आण्णाप्पा दांडा फिरवत राहिला. सहा फूट.

मग तो आवाज झाला, जो मी सुरुवातीला लिहिला. नरसाळ्यातला माल दिसेनासा झाला आणि साच्यातून राखी रंगाचा फेस वर आला.

बाहुबली धावत आले. "काय झालं रं?"

"नळी सुटली," आण्णाप्पा म्हणाला. "साहेब, आता भरायचं न्हाय. हाय तेवढा माल घट्ट हुंदे. वरचा भुसा सगळा खरवडून काढू, मग पुढचं."

"खरवडून काढायला पंधरा दीस जातील. परवा मोठे साहेब यायचे हाईत. घाल परत नळी."

"साहेब, आत पाणी शिरलंय."

"पाण्याखालचं कोण बघतंय रं? घाल म्हटलं न्हवं?"

नळी परत घातली, पाण्याने भरलेली. पहिल्या पाच-सहा पाट्या माल त्या पाण्यातून पडला आणि धुतला गेला. त्याच्यावर पुढचा चांगला माल बसला. तळापासून साधारण आठ फुटांवर एक थर असा आहे की ज्यात सिमेंट नाही. किती जाड, ते मला नक्की माहीत नाही. महिन्याने साचा सोडवला तेव्हा पाणबुड्या वर आला आणि त्याने आपली मूठ मला दाखवली, मनगटापर्यंत. एवढा हात आत गेला म्हणाला. बाहेरून सिमेंटची पोती लावून तो पट्टा लिंपला. खाली हे, आणि वर अजून वीस फूट खांब, त्यावर रस्ता, रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर.

आण्णाप्पा ऐकणारा नव्हता. तो मोठ्या साहेबांना सांगायला निघाला. बाहुबलींनी रजिस्टर काढले आणि लिहिले की विंचवाल्याच्या हयगयीने दोर सुटला. किरकोळ, ताबडतोब दुरुस्त. खाली साक्षीदार म्हणून माझी सही घेतली. मी केली. संध्याकाळी आण्णाप्पाला कामावरून काढले. गाठोडे घेऊन तो माझ्या पालापाशी आला. शिव्या देईल असे वाटले होते.

तो म्हणाला, "मिस्त्री, तुमी गात हुता म्हणून मी फिरवत हुतो. येवढंच एक सांगा की त्यास्नी. बाकी काय सांगू नका."

मी करवतीला कानस लावत होतो. लावतच राहिलो.

कलम सहावे. कोणाशी हिशेब नाही.

बाहुबली चौगुले गेल्या साली वारले. मी इतकी वर्षे त्यांना मनात शिव्या दिल्या आणि त्यामुळे माझा वेळ बरा गेला. परंतु नळी त्यांनी उचलली नव्हती. त्यांच्या घरच्यांना या कागदावरून कोणी त्रास देऊ नये. पैलतीरावरच्या शाळेतली ती पोरे आता पन्नाशीची असतील. त्यांचा काही दोष नाही.

कलम सातवे. अंत्यविधी.

गावची स्मशानभूमी पलीकडच्या काठाला आहे. माझी तिरडी पुलावरून नेऊ नये. खांदेकरी, मागे चालणारी माणसे, सगळी एकदम तिसऱ्या खांबावरच्या गाळ्यावर येतात. अलीकडे गायरानाच्या कडेला जुनी जागा आहे, तिथे करावे. राख त्या डोहात टाकू नये. कुठेही टाका, तिथे नको.

कलम आठवे. लखोटा.

कलम पाचमधली हकीकत, नकाशा, थराची अंदाजे जागा आणि खिडकीतून घेतलेल्या मापांच्या तारखा असे सर्व एका लखोट्यात घालून ठेवले आहे. माझ्या मृत्यूनंतर तो लखोटा वर सांगितलेल्या कार्यालयात द्यावा, सोबत कानडी भाषांतर जोडावे. मी हयात असताना तो कोणी उघडू नये. मला तुरुंगाची भीती वाटते, वर्तमानपत्राची वाटते, आणि नंदगडच्या त्या घराची सगळ्यात जास्त वाटते. मी गेल्यावर जे व्हायचे ते होवो.

व्यवस्थापक म्हणून गावचे निवृत्त मास्तर श्री. सन्मती मगदूम यांना नेमतो. ते नको म्हणाले तर अक्काताई.

येणेप्रमाणे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या राजीखुशीने लिहिले. प्रत्येक पानावर सही केली आहे.

मष्णू भावकू किणयेकर

साक्षीदार: १. सन्मती मगदूम, निवृत्त शिक्षक, तांबाळ. २. रुक्माबाई, निवृत्त अंगणवाडी सेविका, शेजारी, तांबाळ. (सह्या बाकी.)

स्थळ तांबाळ, तारीख १९ जुलै २०२५, वार शनिवार.

पुढील मजकूर साक्षीदार समोर बसलेले असताना लिहिला.

साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, माझी सही बघितली की पुरे, असे मास्तरांनी रुक्माबाईला समजावले. तिने पेन खाली ठेवले.

"काय लिवलंय ते ऐकल्याबिगर मी सही करत न्हाय. माझ्या दिरानं एकदा असंच कागदावर अंगठा घेतला आणि माझा घरामागचा परडा गेला. वाचा."

मी वाचले. कलम पाचला मी कागद मास्तरांकडे सरकवला, पुढचे त्यांनी वाचून पूर्ण केले. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि उठून खिडकीतल्या स्टुलावर बसले. हनुवटी फळीला टेकवली. एक डोळा मिटला.

"मास्तर, काय दिसतंय?" रुक्माबाईने विचारले.

"उजेड," ते म्हणाले.

मग ती माझ्याकडे वळली. "मष्णूआण्णा, तुमी मेल्यावर लखोटा उघडायचा व्हय? आणि तो खांब तुमच्या मरणाची वाट बघत थांबणार हाय? तुमी शंभर वर्सं जगला तर?"

मी म्हणालो, "मला भ्या वाटतंय, रुक्माबाई."

"वाटंना का. भ्या वाटलं म्हणून लेकीला भाकरीवरनं तोडलं. लई शूर गडी! तिला एकटीला घरात बसवलं, आणि बाकीची माणसं रोज जात्यात की त्या पुलावरनं. माझा ल्योक जातोय. तो कुणाचा न्हाय व्हय?"

मास्तर स्टुलावरून न उठता म्हणाले, "किणयेकर, सोमवारी कार्यालय उघडतं. कानडी मी करतो. आजच बसतो. पण ते तुमच्या तोंडून गेलं पाहिजे. सही रजिस्टरवर तुमची आहे."

म्हणून दुरुस्ती करतो. कलम आठमधील 'माझ्या मृत्यूनंतर' हे शब्द खोडले असे समजावे, तसेच 'मी हयात असताना तो कोणी उघडू नये' हे वाक्य खोडले असे समजावे. त्या जागी वाचावे: सोमवार दिनांक २१ रोजी मी स्वतः जाऊन देईन. तिथून नंदगडला जाईन. या वेळी रस्त्यावर थांबणार नाही.

दुरुस्तीबद्दल सही: मष्णू भावकू किणयेकर. साक्षीदार: सन्मती मगदूम. रुक्माबाई.

वेळ दुपारी सव्वा वाजता. सह्या झाल्या. रुक्माबाई चहा टाकायला आत गेली आहे. सोमवारपर्यंत दोन दिवस आहेत, तेवढ्यात मास्तरांचे कानडी होईल, माझीही तयारी होईल असे म्हणून मी कागदाची घडी घालत होतो, इतक्यात बाहेर गाडी येऊन थांबली आणि कोणी कडी वाजवली.

म्हणून घडी उलगडून पुन्हा लिहितो. दारात खाकी शर्टातला एक माणूस उभा आहे. भिजलेला. मी त्याला ओळखत नाही. तो एसटीचा ड्रायव्हर आहे, चिकोडीकडचा. गाडी बाहेर चालूच ठेवली आहे. कंडक्टरने त्याला सांगितले म्हणे की पूल बांधलेला म्हातारा या घरात राहतो.

"आज्जा, मघाशी अलीकडं येताना मधल्या सांध्यावर चाक आपटलं. उतरून बघितलं तर तीन बोटं फट हाय. डेपोला फोन लावला तर म्हणत्यात, पाणी रस्त्यावर न्हाय न्हवं, मग ये परत. आत साठ माणसं हाईत. तुमी बांधलाय म्हणं. गाडी घालू का नको, तेवढं सांगा."

मास्तर माझ्याकडे बघत आहेत. रुक्माबाई आतून भांडे हातात घेऊनच बाहेर आली आहे.

मी त्याला नको म्हणालो आहे. तो का म्हणून विचारतो आहे. दारात सांगितले तर एकट्यालाच कळेल, गाडीतली माणसे त्याच्यावर ओरडतील आणि तो घालेल. म्हणून हा कागद मास्तरांच्या हातात देतो आणि गाडीत चढून सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगायला जातो.